पासष्ट किलो दोनशे

कबड्डीवर काहीतरी लिहितोय म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते मला माहीत आहे. लाल माती, मांडीवर थाप, शेवटचं मिनिट, आणि आमचा एक गडी पाच जणांना अंगावर घेऊन रेषेला हात लावतोय. मग गुलाल, मग खांद्यावर घेऊन नाचणं. तर तसलं ह्यात काही नाही. आत्ताच सांगून ठेवतो, नंतर येऊन मला बोलायचं नाही. ही गोष्ट ज्यांची आहे ते आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे मालक, आयुष्यात एकदाही कबड्डी खेळलेले नाहीत. चौदा वर्षं ते आमच्या बोरी बुद्रुकच्या टीमचे मॅनेजर आहेत, पण चढाईला गेलेला गडी बाद झाला का नाही, हे त्यांना अजून शेजारच्याला विचारावं लागतं. दाजींना ह्या जगात एकच गोष्ट कळते, ती म्हणजे वजन. पण ती अशी कळते, की देवानं त्यांना घडवताना डोळ्यांच्या जागी काटेच बसवले असावेत.

दाजी आळेफाट्याच्या कांदा बाजारात मापाडी आहेत. शेतकऱ्याची गोणी काट्यावर आली की आकडा बघायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारायचा, एवढं काम. पण दाजी गोणी हमालाच्या पाठीवर असतानाच आकडा बोलून मोकळे होतात आणि काटा नंतर त्यांच्या आकड्यावर येऊन थांबतो. नवीन व्यापारी आला की जुने त्याला दाजींपुढे उभा करतात आणि चहाची पैज लावतात. दाजी त्याला खालपासून वर बघतात, चपला काढायला लावतात, मग नाकातून, जरा ओढून, देवळात आरती म्हटल्यासारखं पुकारतात, "ब्याऽऽहत्तर किलो सहाशे." तो बिचारा काट्यावर चढतो आणि चहा सांगायला जातो. आता काटे इलेक्ट्रॉनिक झालेत, आकडा लाल अक्षरात सगळ्यांनाच दिसतो, पुकारायची तशी गरज राहिलेली नाही. दाजी तरी पुकारतात. शेतकरीही लाल आकड्याकडे पाठ करून दाजींच्या तोंडाकडे बघत बसतात.

ही विद्या बाजारातच ठेवून घरी आले असते तर अक्काचे निम्मे त्रास वाचले असते. पण दाजी कुणाला "बरं हाय का" म्हणून विचारत नाहीत. ते नुसतं बघतात आणि "दीड किलोनं उतरलायस" म्हणतात. अक्काला बघायला आमच्या घरी आले होते, तेव्हा पोह्यांची बशी घेऊन अक्का बाहेर आली. वडीलधाऱ्यांनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मग पोराला म्हणाले, तुला काय विचारायचं असंल तर विचार. दाजी म्हणाले, "विचारायचं काय न्हाई. अठ्ठेचाळीस भरत्यात." आमच्या वडिलांच्या हातातला चमचा खाली पडला. स्थळ तिथंच मोडायचं, पण अक्का आत जाऊन तोंडात पदर धरून हसत बसली, म्हणून जमलं. पुढं पोरगी झाली तेव्हा नर्सबाईंनी दोन किलो आठशे सांगितलं. दाजींनी लेक दोन्ही हातांवर घेतली आणि दुपट्याचे पन्नास ग्रॅम वजा करायला लावले. फाट्यावरच्या कापड दुकानातले शेठ, राजस्थानातून आलेल्या घराण्यातले पण आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलणारे, त्यांना दाजी एकदा रस्त्यातच म्हणाले, "शेठ, महिन्यात चार किलो गेलेत, दवाखान्यात जावा." शेठ गेले, तर साखर निघाली. तेव्हापासून शेठ दर एक तारखेला दुकानाच्या पायरीवर उभे राहतात आणि दाजी मोटारसायकल न थांबवता आकडा सांगून पुढं जातात.

आमच्या आळीतले एक म्हातारे अण्णा गेले, तेव्हा तिरडीला दाजींचा खांदा होता. घरी आल्यावर अक्काला एवढंच म्हणाले, "चाळीस पण न्हाई भरले अण्णा. आपल्याला आधी दिसायला पायजे व्हतं." दोन दिवस ते कुणाचं वजन सांगत नव्हते. अक्का सांगते, लग्नानंतर घर इतकं शांत पहिल्यांदाच होतं.

असा माणूस कबड्डीत कसा शिरला ते ऐका. आमच्याकडं जुन्नर आणि आंबेगाव अशा दोन तालुक्यांची मिळून स्पर्धा होते. तिच्यात एक खुला गट असतो. त्याला संध्याकाळची वेळ, दिवे, पुढारी, मोठे बॅनर. आणि एक असतो पासष्ट किलोचा गट. पासष्टच्या आतला गडी पाहिजे, बाकी काही अट नाही. ह्या गटाच्या मॅचा भर उन्हात होतात, पुढाऱ्यांच्या खुर्च्या तेव्हा नुसत्या मांडून ठेवलेल्या असतात आणि त्यांच्यावर कुत्री झोपतात. बोरीची टीम ह्या गटातली. आणि ह्या गटात मॅच सुरू व्हायच्या आधी प्रत्येक गडी काट्यावर उभा राहतो. दाजींच्या दृष्टीनं स्पर्धा तीच. सगळे गडी पासष्टच्या आत निघाले की दाजी जिंकले. पुढचं दोन वेळा वीस मिनिटं जे काही चालतं तेव्हा ते मंडपामागं भेळ खात असतात.

पण एक गोष्ट त्यांना मनापासून पाहिजे होती. ढाल. मॅनेजर झाल्याच्या पहिल्याच वर्षी त्यांनी तालमीत सुताराकडून एक फळी मारून घेतली, अडीच ते तीन किलो वजन पेलेल अशी. चौदा वर्षं ती फळी रिकामी आहे. रिकामी म्हणजे तिच्यावर हेल्मेट असतात, एकदा कुणीतरी कोथिंबिरीची जुडी ठेवली होती. तीन वेळा आम्ही फायनलला गेलो आणि तीन वेळा हरलो. दर वर्षी दाजी टेबलावर मांडलेली ढाल लांबून बघून येतात आणि टीमला सांगतात, "यंदाची दोन किलो आठशे हाय. आपली फळी घेतीय." एकदा ढाल आली की मॅनेजरकी सोडतो, असं त्यांनी अक्काला कबूल केलंय. त्यामुळं ढाल दाजींना जितकी पाहिजे, त्याच्यापेक्षा अक्काला जास्त पाहिजे.

स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस दाजी टीमचा जीव काढतात. कुणी भात खायचा नाही, कुणी लग्नाला जायचं नाही. पोरं चोरून फाट्यावर जातात आणि हॉटेलातल्या सगळ्यात आतल्या टेबलावर बसून मिसळ खातात. संध्याकाळी तालमीत आल्यावर दाजी एकेकाकडं बघतात. "तीनशे वर हायस. मिसळ का वडापाव?" गडी मान खाली घालून सांगतो, मिसळ. "किती पाव?" चार. "चार न्हाई, सहा." सहाच असतात.

आता माझं थोडं सांगावं लागेल, कारण घोळ माझ्यामुळं झाला. मी शाळेपासून आवाज काढतो. हेडमास्तर, एस.टी.चा कंडक्टर, टमाट्याचा लिलाव, सगळे काढून झाले, पण माझा हातखंडा म्हणजे दाजी. ओसरीवरून मी दाजींच्या आवाजात पाणी मागितलं की अक्का स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन येते आणि मला बघून तोच तांब्या उगारते. ह्या आवाजाच्या जोरावर मला दोन्ही तालुक्यांतल्या स्पर्धांना माइकवर बोलावतात. त्या वर्षी स्पर्धा डिंगोऱ्यात होती आणि कॉमेंट्रीला मी होतो.

त्या वर्षी आमच्याकडं एक चढाईपटू होता, ढाल आणणारच असा. लांब पायाचा, झुपकेदार मिशीवाला, सगळे त्याला मिशीच म्हणायचे. पहिल्या दिवशी वजनात तो चौसष्ट नऊशे निघाला, दाजींनी सांगितलं तसाच. तीन मॅचा त्यानं एकट्यानं काढल्या आणि आम्ही फायनलला गेलो. फायनलच्या आधी दुसऱ्या दिवशी दुपारी परत वजन असतं. आणि इथंच घात झाला, कारण मिशीचं लग्न होऊन तीन महिने झाले होते आणि सासरवाडी डिंगोऱ्याची होती.

नवा जावई गावात मॅच जिंकून उपाशी झोपतोय, हे कुठल्या सासूला चालेल? मासवड्या झाल्या, रस्सा झाला, बाजरीच्या भाकरीवर तूप झालं. मिशीनं वजनाचं सांगून बघितलं. सासरे म्हणाले, "जावईबापू, आमच्या घरचं काय वजन वाढवणारं असतंय व्हय?" सकाळी परत उरलेल्या मासवड्या, वाया जायला नकोत म्हणून. दुपारी मिशी ग्राउंडवर आला तेव्हा दाजी मंडपाच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी त्याला लांबूनच बघितलं आणि डोळे मिटले.

मिशी काट्यावर चढला. आकडा आला चौसष्ट आठशे. आमच्या पोरांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. सासरे तर प्रत्येकाला सांगत सुटले, बघा, म्हटलं नव्हतं का. माझं माइकचं टेबल काट्याला लागूनच होतं आणि दाजी माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले होते. ते खाली वाकून काट्याकडं बघत होते. फायनलच्या पाहुण्यांसाठी अंथरलेल्या सतरंजीवरच आयोजकांनी काटा ठेवला होता आणि सतरंजीची एक घडी वर येऊन काट्याच्या ताटलीला खालून टेकली होती. म्हणजे थोडं वजन काटा घेत होता, थोडं सतरंजी. दाजी माझ्या कानाशी पुटपुटले, "काटा हलका बोलतोय. पासष्ट दोनशे हाय ह्यो."

ते कुणाला सांगायला म्हणून बोलले नव्हते. तुम्ही-आम्ही जांभई देतो तसं ते त्यांच्या तोंडातून निघालं होतं. पण माझ्या हातात चालू माइक होता, समोर पाचशे माणसं उन्हात कंटाळून बसली होती. मी काही विचार केला नाही. नाक जरा दाबून, दाजींसारखं ओढून पुकारलं, "काटा हलका बोलतोय. पाऽऽसष्ट किलो तीनशे." दोनशेपेक्षा तीनशे माइकवर घुमतं चांगलं, म्हणून तीनशे.

माणसं खो खो हसली. बाजारातले जे होते त्यांनी शिट्ट्या मारल्या. हसला नाही तो फक्त समोरच्या आंबेगावकडच्या टीमचा मॅनेजर. तो उठून पंचांकडं गेला. पंच कमिटीचे अध्यक्ष रिटायर झालेले खेळाचे मास्तर होते, सगळे त्यांना सर म्हणायचे. सर काट्यापाशी आले. माइकवर कोण बोललं हे त्यांना कळलं नव्हतं. आवाज दाजींचा होता, दाजी माइकच्या मागंच उभे होते, त्यात विचारण्यासारखं काय?

"दाजी," सर म्हणाले, "काटा हलका हाय असं तुमी बोललात?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं. आमची पोरं त्यांच्याकडं बघत होती, मिशी अजून काट्यावरच होता. मेहुण्यानं चावटपणा केला, एवढं म्हटलं असतं तरी सगळे हसून मोकळे झाले असते. मला चार शिव्या बसल्या असत्या आणि मॅच सुरू झाली असती.

"व्हय," दाजी म्हणाले. "काटा हलकाच हाय. सतरंजी काढा."

सतरंजी काढली. एक फरशी आणून काटा तिच्यावर ठेवला, आणि दाजींनी पिशवीतून एक किलोचं सरकारी छापाचं माप काढून तो आधी तपासून घेतला. हे माप ते लग्नाला जातानासुद्धा बरोबर ठेवतात. सगळ्यांचं वजन परत झालं. समोरची पोरं साठ किलोच्या आसपासची, ती सहज आत बसली. मिशी चढला. आकडा थोडा हलला आणि थांबला. पासष्ट किलो दोनशे.

सर हसले. म्हणाले, "दाजी, काट्याचं बरोबर हाय तुमचं, पण तीनशे म्हणालात. शंभर ग्रॅमनं चुकलात की राव." बाजारातल्या मंडळींनी हे ऐकलं आणि त्यांच्यात जे हसू उठलं ते मघाच्यापेक्षा मोठं होतं. दाजींचं तोंड एकदा उघडलं आणि मिटलं. त्यांनी काट्याकडं बघितलं, मग पिशवीत माप ठेवायला लागले. मला वाटलं, सुटलो. इतका मी हुशार.

नियमाप्रमाणं वजन उतरवायला पंधरा मिनिटं मिळाली. मिशीला दोन स्वेटर घालून ग्राउंडला पळवला. तो पळता पळता थुंकत होता आणि सासरे मागून "जावईबापू, सावकाश" म्हणत पळत होते. केस कापले. शेवटी चार मिनिटं राहिली तेव्हा कुणीतरी त्याच्या ओठावरच्या मिशीकडं बोट दाखवलं. तो नको म्हणाला, मग खाली बसला आणि तोंड वर केलं. मिशी गेली. तो काट्यावर आला तेव्हा सासऱ्यांनी त्याला ओळखलं नाही. आकडा आला पासष्ट किलो चाळीस ग्रॅम. दाजी आकडा बघायला पुढं आले नव्हते. ते पाठमोरे उभे होते आणि आकडा यायच्या आधीच त्यांनी मान हलवली होती.

मिशीच्या जागी जो गडी उतरला त्यानं जीव तोडून खेळ केला. आम्ही तीन गुणांनी हरलो. त्या दिवशी पहिल्यांदाच दाजी भेळ खायला गेले नाहीत. रेषेपाशी उभं राहून त्यांनी सगळी मॅच बघितली आणि आमचा गडी बाद झाला की नाही ते कुणालाही विचारलं नाही. ढाल समोरच्यांनी उचलली. दोन किलो नऊशे असावी, पण ते कुणी सांगितलं नाही.

टेम्पोत दाजींच्या शेजारी कुणी बसेना. पोरांचं म्हणणं सरळ होतं: काटा चुकला तर चुकला, आपल्या मॅनेजरला तोंड उघडायची काय गरज होती? आणि उघडलंच होतं, तर माइकवर कशाला? दाजींनी ऐकून घेतलं. मग खाली उतरले आणि माझ्या मोटारसायकलवर मागं येऊन बसले.

ह्याला आता चार वर्षं झाली. मिशीला परत मिशी आली आणि एक मुलगाही झाला, जन्मताना तीन किलो शंभर, हे दाजींनीच सांगितलं. टीमनंही दाजींना माफ केलं, कारण त्यांच्याइतकी मिसळ ओळखणारा दुसरा मॅनेजर कुठून आणणार. फळी अजून रिकामी आहे. बाजारात मात्र एक गोष्ट चिकटून बसली. दाजींनी आकडा पुकारला की पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणतं, "शंभर ग्रॅम इकडं-तिकडं." चहाच्या पैजा कमी झाल्यात. शेठ अजून पायरीवर उभे राहतात, पण मागं दुकानात त्यांनी छोटा काटा आणून ठेवलाय, हे मी बघितलंय. दाजींनी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही की तीनशे हे त्यांच्या तोंडचं नव्हतंच. अक्कालासुद्धा नाही. मी पण नाही सांगितलं. आज हे छापून आलं की पहिली प्रत बाजारात नेऊन वाचून दाखवणार आहे, माझ्या स्वतःच्या आवाजात.

तर त्या दिवशी. डिंगोऱ्यातून निघालो, ओतूर ओलांडलं. मी आरशात बघत होतो, तर ते शेताकडं तोंड करून बसलेले. आळेफाट्याला ऊन उतरलं होतं, तिथं त्यांनी खांद्यावर हात ठेवला, म्हणून थांबलो. दोन चहा सांगितले. मीच सुरुवात केली. म्हटलं, दाजी, माझं नाव का नाही सांगितलं? ढाल गेली ना माझ्यामुळं.

"ढाल तुझ्यामुळं न्हाई गेली," दाजी म्हणाले. "मासवडीमुळं गेली. काटा खोटा बोलत व्हता, आज ना उद्या कुणीतरी म्हणलंच असतं. तू माझा आवाज काढला, त्याचं बी काय न्हाई. मी बोललो व्हतो, तूच ऐकलं, तूच सांगितलं. मंग नाय म्हणून कसं सांगू?"

मला इतकं बरं वाटलं की मी चहा ओठाला लावला. तेवढ्यात त्यांनी कप खाली ठेवला. पुढं जे झालं ते सगळ्या हॉटेलनं ऐकलं. ट्रकवाले वळून बघायला लागले, नाशिकच्या गाडीची वाट बघणारी एक म्हातारी पिशवी घेऊन लांब सरकली. अक्काच्या लग्नापासून दाजी माझ्यावर कधी आवाज चढवून बोलले नव्हते.

"पण मी दोनशे म्हणलो व्हतो," दाजी म्हणाले. "दोनशे. तुझ्या कानात म्हणलो. एवढी पाचशे माणसं बसलेली, तेवीस वर्षं मी काट्यावर उभा हाय, आन तू खुशाल तीनशे ठोकतोस? अरे, माझा आवाज काढायचा तर आकडा बी माझाच काढ ना. ते वरचं शंभर ग्रॅम कुठनं आणलंस तू? सांग मला. कुठनं आणलंस?"